टँकरच्या पाण्यात साबण का हरतो

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांत टँकर आलाय हे कळायला नोटीस बोर्ड बघावा लागत नाही. साबण कितीही चोळा, फेस धरत नाही आणि बादलीच्या कडेला चिकट, पांढरट साका बसतो. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं, शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत ‘दुष्फेन’. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाच्या रेणूंना पकडून साक्यात बसवतं, मग मळ काढायला कोण उरणार? नळाला धरणाचं पाणी असेल तर हेच रेणू आपले आपण गोळा होऊन इवलेसे गोळे बनवतात. त्या गोळ्यांना मायसेल म्हणतात, आणि घटकांनी असं आपणहून जुळून येण्याला स्वयंरचना.

साबणाच्या रेणूचं डोकं विद्युतभारित, पाण्यात रमणारं. शेपटी लांब आणि तेलकट. शेपट्या एकमेकींना ओढून घेतात म्हणून गोळा होतो, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. खरा जोर पाण्याचा. तेलकट शेपटीशी पाण्याला हायड्रोजन बंध करता येत नाहीत, म्हणून तिच्याभोवतीचे पाण्याचे रेणू आपसातले बंध सांभाळत अवघडून उभे राहतात. शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशी गर्दी झाली की ते मोकळे सुटतात. ही मोकळीक, म्हणजे वाढलेली एन्ट्रॉपी, गोळा बांधते.

मात्र त्यासाठी गर्दी पुरेशी हवी. शाम्पूच्या बाटलीवर दिसणारं सोडियम लॉरिल सल्फेट प्रयोगशाळेत शुद्ध रूपात ‘एसडीएस’ म्हणून मिळतं. शुद्ध पाण्यात, २५ अंशांना, लिटरमागे सुमारे २.३ ग्रॅमपर्यंत त्याचे रेणू सुटेच फिरतात. त्यापुढे घातलेली भर जवळजवळ सगळी मायसेलमध्ये जाते. एका मायसेलमध्ये साठेक रेणू. पाण्यात मीठ असेल तर हा उंबरठा बराच खाली येतो, कारण एकमेकांना ढकलणाऱ्या डोक्यांचं भांडण मीठ मिटवतं. पोटॅशियम मात्र इथे नको. पोटॅशियम क्लोराइडचे चार थेंब पडले तरी बाटलीत पांढरा साका. बादलीतलंच नाटक, पात्रं वेगळी. आणि लॅबचा एसी १६ वर ठेवून रात्री घरी गेलात, तर १० टक्क्यांचं एसडीएस सकाळी स्फटिक होऊन बसलेलं असतं. ते फेकू नये. कोमट पाण्यात बाटली ठेवली की पुन्हा नितळ होतं.

एका डोक्याला दोन शेपट्या दिल्या की गोळा जमत नाही, दुपदरी पडदा तयार होतो. आपल्या पेशींचं पटल असंच, तेलकट भाग जेमतेम ३ नॅनोमीटर (मीटरचा अब्जांश म्हणजे एक नॅनोमीटर) जाड. हा पडदा मिटून झालेल्या पोकळ फुग्याला लायपोसोम म्हणतात. त्यात भरून कर्करोगावरची औषधं दिली जातात. नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात फॉर्म्युलेशनचं, म्हणजे औषध देण्याजोग्या रूपात बांधण्याचं काम शिकणाऱ्याला कृती पाठ असावी: लिपिड, म्हणजे असा दोन शेपट्यांचा रेणू, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं, रोटाव्हॅपवर (फ्लास्क फिरवत द्रावक उडवणारं यंत्र) फ्लास्कच्या आतून पातळ थर बसवायचा, उरलेला क्लोरोफॉर्म काही तास व्हॅक्यूमखाली काढायचा, मग गरम बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) घालून फिरवायचं. इथेच चुकतं. डीपीपीसी हे लिपिड ४१ अंशांखाली गोठलेल्या तुपासारखं वागतं. बफर थंड घातलं तर थर सुटत नाही, पापुद्रे आणि गुठळ्या होतात. म्हणून ५० अंश. पुढे एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे दोन सिरिंजांमध्ये गाळणी बसवलेल्या उपकरणात, १०० नॅनोमीटर छिद्रांच्या गाळणीतून ११ किंवा २१ वेळा ढकलायचं, आणि एक्स्ट्रूडरही गरमच हवा, नाहीतर गाळणी तुंबते किंवा फाटते. विषम आकडा कशाला? माल शेवटी समोरच्या सिरिंजमध्ये यावा म्हणून. पहिल्या सिरिंजमध्ये न गाळलेला थोडा अंश चिकटून राहिलेला असतो.

गोळे आणि फुगे ठीक. नेमका आकार जमतो का? १९५५ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स या शास्त्रज्ञांनी तंबाखूवरचा मोझॅक विषाणू सुटा केला. अल्कलीने प्रथिन वेगळं काढलं, एसडीएससारख्या डिटर्जंटने आरएनए (विषाणूची जनुकीय माहिती असलेली साखळी), आणि दोन्ही पुन्हा एकत्र केली. ३०० नॅनोमीटर लांबीच्या कांड्या परत उभ्या राहिल्या आणि त्यांनी पानांवर रोगही पाडला, मूळच्या मानाने फार कमी, पण पाडला. एका कांडीत २,१३० एकसारखी प्रथिनं. प्रत्येक प्रथिन आरएनएची तीन अक्षरं धरतं. लांबी कोण ठरवतं? आरएनए संपला की कांडी थांबते. तो घातलाच नाही आणि द्रावण आम्लाकडे झुकवलं, तर प्रथिनं तरीही कांड्या करतात, पण लहानमोठ्या, मापाशिवाय.

हे जमतं कारण एकेक बंध कमकुवत असतो. चुकीचा बसलेला तुकडा निसटतो, पुन्हा प्रयत्न करतो. पहिल्याच फटक्यात घट्ट चिकटला असता तर चूकही कायमची झाली असती.

पाण्याच्या मोकळिकीवर उभी असलेली ही बांधणी थंडीत सैल पडते. आपला अंदाज नेमका उलटा असतो. या विषाणूचं नुसतं प्रथिन फ्रिजच्या तापमानाला सुटं होतं. पेशीतल्या सूक्ष्मनलिकांचंही तेच: ३७ अंशांवर, जीटीपी (पेशीतलं ऊर्जा देणारं संयुग) असताना नळ्या बांधल्या जातात, बर्फात विरघळतात. या नळ्यांचं प्रथिन, ट्युब्युलिन, शुद्ध करताना हाच स्वभाव कामाला येतो. सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून जड भाग तळाशी बसवणारं यंत्र) थंड फिरवलं की तळाची घाण टाकायची आणि वरचं ठेवायचं, गरम फिरवलं की तळाचं ठेवायचं आणि वरचं टाकायचं. गरम फेरीला सेंट्रिफ्यूजचा रोटर आधी तापवायला विसरलात, तर तळाशी काहीच बसत नाही आणि सगळं ट्युब्युलिन वरच्या पाण्याबरोबर सिंकमध्ये जातं.