मिरजेत पायी, सुरांच्या मागावर

हा फेरफटका तुम्ही आपला आपण करायचा आहे. आमच्याकडून मिळतो तो नकाशा आणि हे माहितीपत्रक. सोबत माणूस नाही, घाई नाही. सकाळी लवकर निघा. उन्हं चढली की गल्ल्यांत चालणं नको होतं.

सुरुवात ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यापासून. चपला काढून, डोकं झाकून आत जा. किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खाँ इथंच चिरविश्रांती घेत आहेत. आजारपणात त्यांनी दर्ग्यात गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले, असं सांगतात. पुढं ते मिरजेचेच झाले. 1937 साली दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचं निधन झालं. दफन मात्र मिरजेत. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, हिराबाई बडोदेकर त्यांची कन्या. उरुसात इथल्या चिंचेखाली संगीतसभा भरते आणि नामवंत गवई हजेरी लावायला येतात. तारखा जुळत असतील तर फेरफटका तेव्हाच ठेवा.

तिथून सतारमेकर गल्ली. खरं तर सगळा वेळ इथंच द्यावा असं आमचं मत आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यं घडवायला घेतली, आणि तो धंदा पिढ्यान्‌पिढ्या टिकला. दारात रचलेले मोठाले भोपळे दिसतील, सतार-तंबोऱ्याचा घुमणारा तळ यांचाच होतो. हे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, मग कापून आत काठ्या लावून तोंड हवं तेवढं ताणतात. खरी कसोटी जवारीची, म्हणजे तारेला झंकार आणण्याची. कारागीर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) कानसेने किंचित घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा दोरा सरकवला की सपाट आवाज एकदम झंकारायला लागतो. ‘जवारी ऐकवता का?’ असं अदबीनं विचारा, बहुतेक जण ऐकवतात. फोटो काढण्याआधी मात्र परवानगी घ्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

याच गावात विष्णू दिगंबर पलुसकर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. पुढं 1901 साली पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा काढली. अंबाबाईच्या देवळात नवरात्रात संगीत महोत्सव होतो, एरवी दर्शन घेऊन पुढं निघा.

शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी काही कारखाने बंद असू शकतात. वाद्य घ्यायचा विचार असेल तर दोन-तीन ठिकाणी ऐका, दर नीट ठरवा, पण कारागिराशी दोन-पाचशे रुपयांसाठी घासाघीस करू नका. रेल्वेने न्यायचं असल्यास तारा सैल करून, खोक्यात बांधून देण्याचं आधीच सांगून ठेवा.