समस्थानिक आणि सरासरी अणुवस्तुमान

अणुकेंद्रकातील प्रोटॉनांची संख्या सारखी, पण न्यूट्रॉनांची वेगळी असलेले एकाच मूलद्रव्याचे अणू. आवर्त सारणीत त्यांची जागा एकच, म्हणून ‘समस्थानिक’. रासायनिक वर्तन जवळजवळ सारखे, वस्तुमान निराळे.

परिभाषा : बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात हा विषय शिकताना पहिली अडचण शब्दाचीच येते. मराठीत मूलद्रव्याचा मूळ कण तो ‘अणू’ आणि अणू जोडून होतो तो ‘रेणू’. कन्नड पाठ्यपुस्तकांत मूळ कणाला ‘परमाणु’ म्हणतात, ‘अणु’ हा शब्द रेणूसाठी राखला आहे, हिंदीतही तसेच. घरी मराठी आणि वर्गात कन्नड असलेल्या मुलाने मराठी पुस्तकातला ‘अणुभार’ (म्हणजे अणुवस्तुमान) रेणूचा भार समजून घेतला, तर क्लोरीनसाठी ३५.४५ च्या जागी दोन अणूंच्या रेणूचे ७०.९० लिहिले जाते. गणित बरोबर असते, चुकतो तो शब्द. वैशेषिक दर्शनात परमाणू सर्वांत लहान आणि दोन परमाणूंचे द्व्यणुक. हे पाहता कन्नड-हिंदी योजना परंपरेला अधिक धरून आहे असे म्हणावे लागते. मराठी जोडी ‘अणुरेणू’ या जुन्या जोडशब्दावरून घेतलेली असावी. बोलण्यात मात्र कन्नडमध्येही अणुबाँबच. समस्थानिकाला कन्नडमध्ये ‘समस्थानि’ म्हणतात, तिथे गोंधळ नाही.

संकल्पनेचा उगम : ‘समस्थानिक’ हे ‘आयसोटोप’ या ज्या ग्रीक घडणीच्या संज्ञेचे भाषांतर आहे, ती रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडी यांनी डिसेंबर १९१३ मध्ये छापील स्वरूपात वापरली. ग्लासगोत जेवणाच्या वेळी डॉक्टर व लेखिका मार्गारेट टॉड यांनी ती सुचवली असे सांगतात, आणि हे बहुतेकांना मान्य आहे. कल्पनेचे श्रेय एकट्या सॉडींना देणे मात्र पुरेसे नाही. कासिमिर फायान्स त्याच वर्षी किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या स्थानांतराच्या नियमापर्यंत (किरण सोडल्यावर मूलद्रव्य आवर्त सारणीत किती घरे सरकते याच्या नियमापर्यंत) स्वतंत्रपणे पोचले होते. एका जागी येणाऱ्या अशा गटाला त्यांनी कृत्तिका तारकापुंजाचे नाव दिले होते. स्थिर मूलद्रव्यांतही हाच प्रकार आहे याची चाहूल जे. जे. टॉमसन यांच्या निऑनवरील प्रयोगांत लागली आणि १९१९ पासून ॲस्टन यांच्या वस्तुमान-वर्णपटलेखकाने (वस्तुमानानुसार अणू वेगळे दाखवणाऱ्या उपकरणाने) ती पक्की केली. न्यूट्रॉन चॅडविक यांना सापडला १९३२ मध्ये. तोवर केंद्रकात इलेक्ट्रॉनही असतात असे मानून हिशेब जुळवला जाई.

सरासरी : क्लोरीनच्या शंभर अणूंत सुमारे ७६ अणू क्लोरीन-३५ चे, उरलेले क्लोरीन-३७ चे (आकडा म्हणजे केंद्रकातील प्रोटॉन व न्यूट्रॉन मिळून संख्या). नेमके आकडे घेतले तर ३४.९६९ × ०.७५७७ + ३६.९६६ × ०.२४२३ = ३५.४५. एवढ्या वस्तुमानाचा क्लोरीनचा एकही अणू नसतो. बेळगावात बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढतात. त्यातल्या ॲल्युमिनियमला २७ हा एकच स्थिर समस्थानिक, त्यामुळे सरासरीचा प्रश्नच उद्भवत नाही. सोन्याचेही तसेच. १९६१ पासून अणुवस्तुमानाच्या मापनाचा आधार कार्बन-१२ हा आहे.

ऊस आणि भात : सरासरी सर्वत्र एकच असते ही समजूत पुरी खरी नाही. चिकोडी-रायबागकडचा ऊस आणि खानापूरचा भात एकाच हवेतला कार्बन घेतात, पण भातातले विकर (एन्झाइम) जड कार्बन-१३ ला बरेच मागे सारते. उसात पहिली पकड दुसऱ्या विकराची असते आणि ते इतका भेद करत नाही. म्हणून दर लाख कार्बन अणूंमागे उसात कार्बन-१३ चे सुमारे १६ अणू जास्त भरतात. गुळाच्या ढेपेतील कार्बनचे सरासरी वस्तुमान तांदळातल्यापेक्षा चौथ्या दशांश स्थळी वाढते ते यामुळेच. मधमाश्या ज्या फुलांवर जातात ती बहुतेक भाताच्या गटातली, त्यामुळे मधात उसाची साखर मिसळली की हा फरक उघडा पडतो. बीट किंवा तांदळापासून केलेला पाक भाताच्याच बाजूचा असल्याने त्याची भेसळ या चाचणीत निसटते.