धुराचा डिटेक्टर छताला, गॅसचा जमिनीजवळ

ऑनलाइन शोधलं की धुराचा (स्मोक) आणि गॅसचा डिटेक्टर शेजारी शेजारी दिसतात. पांढरा प्लास्टिकचा डबा, मध्ये जाळी, एक लुकलुकणारा दिवा. त्यामुळे ओट्याजवळ गॅस डिटेक्टर लावला की आगीची काळजी मिटली, असं बरेच जण धरून चालतात. प्रत्यक्षात गॅस डिटेक्टरला धूर कळत नाही, आणि सिलिंडर रात्रभर गळत राहिला तरी स्मोक डिटेक्टर गप्पच असतो.

घरगुती स्मोक डिटेक्टर बहुतेक प्रकाशावर चालतो. आतल्या काळ्या कप्प्यात एक छोटा दिवा आणि त्याच्याकडे पाठ केल्यासारखा बसवलेला सेन्सर असतो. धूर आत शिरला की प्रकाश विखुरतो, सेन्सरवर पडतो आणि भोंगा वाजतो. गादी किंवा वायर आतल्या आत धुमसत असेल, तर हा प्रकार चांगला. गॅस डिटेक्टरमध्ये मात्र तापवलेला सेन्सर असतो. त्याला सतत वीज लागते, म्हणून तो प्लगवर चालतो. बॅटरीची सोय नसेल तर लाइट गेली की तोही गेला.

खरी गफलत होते ती जागेत. धूर वर जातो, म्हणून स्मोक डिटेक्टर छताला: बेडरूमच्या दाराबाहेर पॅसेजमध्ये, पंख्याच्या झोतापासून लांब. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड. तो ओट्याखाली, फरशीवर साचतो, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर. पाइप गॅस मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. त्याचा डिटेक्टर छताजवळ. मुंबई-पुण्यात सिलिंडर सोडून पाइपलाइन घेतलेल्या घरांत जुना डिटेक्टर फरशीजवळच राहतो आणि नव्या गॅसच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी ठरतो. जागा बदलाच, शिवाय तो मिथेनसाठी आहे का तेही बघा.

म्हणूनच सिलिंडरवाल्या घरासाठी धूर, गॅस सगळं एकातच ओळखणारा 'थ्री इन वन' डबा मला पटत नाही. छताला लावला तर एलपीजी त्याच्यापर्यंत उशिरा पोचणार, खाली लावला तर धूर. पैसे एकाचेच असतील तर मी आधी स्मोक डिटेक्टर घेईन. जागेपणी गॅसचा वास नाकाला कळतो. झोपेत मात्र धुराच्या वासाने जाग येईलच असं नाही, आणि तोच धूर जीव घेतो.

स्मोक डिटेक्टर स्वयंपाकघरात नको. मिरचीची फोडणी पडली की तो बोंबलणार आणि वैतागून कोणीतरी सेल काढून ड्रॉवरमध्ये टाकणार. देवघरातल्या धूप-अगरबत्तीपासूनही लांब ठेवा. नव्या फ्लॅटमध्ये ताबा घेतल्यावर मान वर करून एवढं बघा, की डिटेक्टरवर रंगकामाच्या वेळची प्लास्टिकची टोपी तशीच तर नाही ना. ती असली तर धूर आत जाणारच नाही.

महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबायचं, जाळीवरची धूळ-जळमटं व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने काढायची. मिनिटाभराने एकदा 'टिक्' वाजायला लागलं तर सेल संपत आलाय. स्मोक डिटेक्टर 10 वर्षांनी बदलायचा, गॅसचा बहुधा 5 वर्षांत. नेमकी मुदत मागच्या लेबलवर असते. लायटरचा गॅस थेट सोडून तपासायची सवय मात्र वाईट, सेन्सर खराब होऊ शकतो.

वाजल्यावर करायचं तेही वेगळं. धुराचा भोंगा वाजला तर सगळ्यांना उठवून जिन्याने बाहेर, मग 101. लिफ्ट नाही. गॅसचा वाजला तर आधी रेग्युलेटर किंवा पाइपचा व्हॉल्व्ह बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि फोन बाहेर जाऊन. एलपीजी गळतीसाठी 1906. दिव्याचं बटण लावायचंही नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडू शकते. एक्झॉस्ट फॅनलाही हात नको, आणि नेमका तिकडेच बहुतेकांचा हात आधी जातो.