ब्रिजला दुसरं नेटवर्क कार्ड लागत नाही

व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक) ब्रिजवर टाकायचं तर संगणकात दुसरं नेटवर्क कार्ड हवं, हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं आणि लोक उगाच कार्ड विकत घेतात. तसं काही लागत नाही.

ब्रिज म्हणजे सॉफ्टवेअरमधला स्विच, म्हणजे अनेक यंत्रं एकाच नेटवर्कला जोडणारा जोड. खरं कार्ड त्याचं एक पोर्ट, व्हर्च्युअल मशीन दुसरं. मशीनला स्वतःचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, असतो (लिनक्सच्या केव्हीएम या व्हर्च्युअल मशीन प्रणालीत तो सहसा ५२:५४:०० ने सुरू होतो), म्हणून राउटर त्याला वेगळा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देतो. एकाच केबलवरून दोघांचं काम निवांत चालतं.

मग गाडी अडते कुठे? लिनक्समध्ये बहुतेकदा एकाच जागी: कार्ड ब्रिजला जोडलं, पण आयपी कार्डावरच राहिला. तो ब्रिजवर न्यावा लागतो. नाहीतर यजमान, म्हणजे मूळ, संगणकाचंच नेट जातं आणि दोष कार्डाच्या माथी येतो.

वायफायची गोष्ट मात्र खरोखर वेगळी. ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारं यंत्र) फक्त नोंदणी झालेल्या मॅक पत्त्याची फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, स्वीकारतो, त्यामुळे साधा ब्रिज तिथे चालत नाही. व्हर्च्युअलबॉक्स हे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर मॅक पत्ता बदलून वाट काढतं. बाकी ठिकाणी केबल लावा, किंवा सरळ नॅट वापरा, म्हणजे मशीन यजमानाच्याच आयपीवरून बाहेर जातं.