उसाच्या ट्रॉलीखालचं गणित

नवी ट्रॉली करून घ्यायची ठरली की इस्लामपूर, कराड, तासगावच्या पट्ट्यात पहिला प्रश्न हमखास एकच असतो: किती टन ऊस बसेल? चासीचं चॅनल किती जाड, पत्रा किती गेजचा, हे लोक वाकून वाकून बघतात. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, बेअरिंग कोणतं आहे, पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) कसे बसवलेत, ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक आहेत का, हे विचारणारे थोडे. खरं तर किती टन न्यायचे हे याच तीन वस्तू ठरवतात.

आधी बेअरिंग. बॉल बेअरिंगमध्ये गोळी आणि ती ज्यावर फिरते ती कडी यांचा स्पर्श एका ठिपक्यापुरता असतो, रोलरमध्ये तो रेषेवर होतो. म्हणून जड वजनाला रोलर. पण ट्रॉलीच्या चाकावर नुसतं वरून वजन येत नाही. वळणावर, किंवा एक चाक चाकोरीत उतरलं की बाजूनेही रेटा बसतो. हे दोन्ही जोर पेलायला रोलर निमुळता लागतो. घोडागाड्या बनवणारे अमेरिकेतले हेन्री टिमकेन यांना अशा बेअरिंगचं पेटंट १८९८ साली मिळालं. यातल्या सगळ्या रोलरांचे उतार पुढे वाढवले तर ते ॲक्सलच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. त्यामुळे रोलर जवळजवळ न घसटता नुसता लोळतो. हबमध्ये अशी दोन टेपर (निमुळत्या रोलरची) बेअरिंगं समोरासमोर बसवतात. चाकाचं वजन आतल्या बाजूला जास्त येतं, म्हणून सहसा आतलं मोठं आणि बाहेरचं लहान असतं.

आता कळीचा मुद्दा. स्वीडनचे लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन यांनी १९४७ साली मांडलेल्या सिद्धांतावर बेअरिंगच्या आयुष्याचे आजचे हिशेब उभे आहेत. त्यानुसार रोलर बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर त्याचं आयुष्य निम्मं होत नाही, साधारण एक दशांशावर येतं. भार फक्त २० टक्क्यांनी वाढवला तरी आयुष्य जवळपास निम्म्यावर घसरतं. दहा टनांच्या ट्रॉलीवर बारा टन चढवून ‘दोनच टन तर जास्त आहेत’ म्हणणाऱ्याने हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. म्हणून मी तरी सांगेन की बेअरिंग निवडताना कागदावरचं वजन धरू नका. हंगामाच्या घाईत खरोखर भरलं जाणारं वजन धरा.

चांगलं बेअरिंगही चुकीच्या आवळण्याने वाया जातं. नट आवळताना चाक हाताने फिरवत राहायचं, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट सैल करून नुसत्या बोटांनी आवळायचा आणि स्प्लिट पिन टाकायची. फार घट्ट ठेवलं तर हब तापतो. सैल राहिलं तर चाक डुगडुगतं आणि ऑइल सील खराब होतं. दहा-बारा किलोमीटर चालवून चारही हबांजवळ हात न्यावा. एकच हब बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो उघडायलाच हवा.

पाट्यांचं काम नुसतं गचके कमी करायचं नाही. एखादं वजन स्प्रिंगवर अलगद टेकवलं तर जेवढा जोर येतो, त्याच्या दुप्पट जोर तेच वजन एकदम सोडलं तर येतो, आणि उंचीवरून पडलं तर त्याहूनही जास्त. खड्ड्यात चाक आपटताना हेच घडतं. स्प्रिंग जितकी लवेल तितका हा तडाखा कमी होतो. ॲक्सल थेट चासीला जोडलेल्या ट्रॉलीत तो तडाखा टायरमधून सरळ बेअरिंगवर जातो आणि कडीवर रोलरांच्या अंतराने खाचा पडतात. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणाने उसळीही लवकर शमते.

परदेशात मुक्कामाच्या जड ट्रेलरला रबराचे टॉर्शन ॲक्सल वापरतात, म्हणजे पाट्यांऐवजी रबराच्या पिळावर भार तोलणारे. ते चालायला मऊ असतात. पण दोन ॲक्सल असतील आणि ट्रेलर पुढे किंवा मागे कलला, तर एकाच ॲक्सलवर जास्त भार येतो. दोन ॲक्सलांच्या जोडपाट्यांमध्ये मधोमध तराजूच्या दांडीसारखी झुलती पट्टी असते, ती भार दोन्ही ॲक्सलांवर वाटून देते. शेतातल्या वाटेला मला हीच रचना योग्य वाटते.

ब्रेकबद्दल मात्र मला तडजोड मान्य नाही. समजा, ट्रॉलीला ब्रेक नाहीत, ट्रॅक्टर आणि भरलेली ट्रॉली मिळून बारा टन आहेत आणि ब्रेक लागणाऱ्या चाकांवर त्यातले दोनच टन आहेत. मग रस्त्याची पकड वजनाच्या एक षष्ठांशापुरतीच मिळते, आणि सगळ्या चाकांना ब्रेक असताना जे अंतर लागलं असतं त्याच्या सहापट अंतर थांबायला लागतं. शिवाय मागची ट्रॉली हलक्या ट्रॅक्टरला ढकलत आडवी करते.

उतारावर प्रश्न उष्णतेचा. पाचगणी ते वाई पसरणी घाटात पाचशे मीटरहून जास्त उतरावं लागतं. पाच टनांच्या ट्रॉलीची पाचशे मीटरमधली ऊर्जा सुमारे ७८ लिटर पाणी साध्या तापमानावरून उकळीला आणण्याइतकी होते. सपाटीवर ताशी २० किलोमीटरवरून एकदा थांबवायला लागते त्याच्या ही तीनशे पटींहून जास्त. काही भाग टायरांत जिरतो, काही इंजिन घेतं, उरलेली सगळी ब्रेकच्या ड्रमला आणि त्यावर आतून घासणाऱ्या लायनरला सोसावी लागते. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड कमी होते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून ड्रम मोठे हवेत आणि उतार पहिल्यापासूनच खालच्या गिअरमध्ये उतरायला हवा.

ट्रॉलीने मागून ढकललं की आपोआप लागणारे ब्रेक सपाटीला ठीक. लांब उतारावर ढकलणं सुरूच राहतं, म्हणून ते सतत घासत तापतात. घाटात चालकाच्या हातातले, हवेचे किंवा हायड्रॉलिक ब्रेक हवेत. खाली उतरल्यावर तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नये, ओतीव लोखंडाला तडे जातात. लगेच ओढ्यातूनही गाडी घालू नये. गरम हब एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं.