उंदराच्या हातात तलवार आली कुठून? : ‘रेडवॉल’ची पार्श्वभूमी

‘रेडवॉल’ १९८६ मध्ये लंडनच्या हचिन्सन प्रकाशनाने छापलं, तेव्हा लेखक ब्रायन जेक्स ४७ वर्षांचे होते आणि ही त्यांची पहिलीच कादंबरी होती. लाल दगडी भिंतींचा एक मठ, त्यात राहणारे उंदीर, खारी, काटेरी हेजहॉग, पाणमांजरं आणि एक बॅजर, म्हणजे बिळात राहणारा दांडगा प्राणी. मठावर क्लूनी नावाचा एकाक्ष घुशा फौजेसह चाल करून येतो. ढगळ सपाता घालून अडखळत चालणारा मथायस हा तरुण उंदीर मठाच्या संस्थापक योद्ध्याची हरवलेली तलवार शोधायला निघतो. कथानक सांगायचं तर एवढंच. पण जंगलातल्या छोट्या प्राण्यांची अशी रणगाथा त्या काळात, त्या माणसाकडून का लिहिली गेली, याचा माग घेतला की पुस्तकाचं निम्मं बळ कळतं. माझ्या मते हे पुस्तक कानांसाठी तयार झालं आणि मग छापलं गेलं, यातच त्याचं मूळ आहे.

जेक्स जन्मले १५ जून १९३९ रोजी, लिव्हरपूलच्या गोदीजवळच्या कामगार वस्तीत. ते शाळेत असताना, दहा वर्षांचे असताना, वर्गात प्राण्यांवर गोष्ट लिहायला सांगितली गेली. त्यांनी मगरीचे दात साफ करणाऱ्या पक्ष्याची गोष्ट लिहिली. एवढ्याशा पोराला इतकं चांगलं लिहिता येईल, यावर शिक्षकांचा विश्वास बसेना. ‘कुठून उतरवलीस ते कबूल कर’ असा आग्रह झाला, मुलाने नकार दिला आणि छड्या खाल्ल्या. आपल्याला लिहिता येतं, हे त्यांना त्या छड्यांनी कळवलं.

पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि ते मालवाहू जहाजावर खलाशी झाले. पुढे रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन, गोदी कामगार, ट्रकचालक, बसचालक, पोलीस, विनोदी कार्यक्रम करणारा कलाकार, लोकगीतं गाणाऱ्या गटातला गायक असं बरंच काही. नंतर बीबीसी रेडिओ मर्सीसाइडवर त्यांचा स्वतःचा कार्यक्रम होता. या यादीतल्या गायक, विनोदवीर आणि निवेदक या तिघांचीही रोजीरोटी आवाजावर चालते, हे लक्षात ठेवायला हवं.

मग आलं दूध पोचवण्याचं काम. त्या फेरीत लिव्हरपूलच्या वेव्हरट्री भागातली अंधांची शाळा होती. ही संस्था १७९१ची, ब्रिटनमधली या प्रकारची सर्वांत जुनी. तिच्या संस्थापकांत एडवर्ड रश्टन हा कवी होता. तोही तरुणपणी खलाशी होता. गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजावर डोळ्यांच्या साथीत त्याची दृष्टी गेली आणि पुढे आयुष्यभर त्याने गुलामगिरीविरुद्ध लिहिलं. एका खलाशाने उभी केलेली शाळा आणि जवळपास दोन शतकांनी तिथे दूध घेऊन येणारा दुसरा खलाशी, हा योग मला फार मोलाचा वाटतो.

जेक्स तिथल्या मुलांना पुस्तकं वाचून दाखवू लागले. हाती येणारी पुस्तकं मात्र त्यांना पटेनात. आजच्या जगातल्या पौगंडावस्थेच्या अडचणींनी ती भरलेली होती, आणि त्यांच्या मते मुलांना जादू, साहस, शूर आणि दुष्ट असं सगळं असलेली जुन्या वळणाची गोष्ट हवी होती. मग त्यांनी ती स्वतःच लिहायला घेतली. हाताने लिहिलेली सुमारे ८०० पानं झाली. त्यांचे शाळेतले इंग्रजीचे शिक्षक ॲलन ड्यूरबंड यांनी ती वाचली आणि जेक्सना न सांगताच आपल्या प्रकाशकाला दाखवली. लहानपणी एका शिक्षकाने लेखनाबद्दल मारलं आणि दुसऱ्या शिक्षकाने त्याच मुलाला लेखक केलं.

ऐकणारी मुलं पाहू शकत नव्हती, याचा ठसा पानापानावर आहे. प्रत्येक प्रसंगात वास, चव, स्पर्श, आवाज ठासून भरलेला असतो. घंटा घुमते, पावसाने माती दरवळते. पात्रं तर डोळे मिटूनही ओळखता येतात. जमीन पोखरणारे मोल घोगऱ्या गावरान बोलीत बोलतात, ससे जुन्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या थाटात, चिमण्या तुटक वाक्यांत. मोठ्याने वाचणाऱ्याला प्रत्येक आवाज वेगळा काढता यावा, अशीच ही रचना आहे. पुढे जेक्सनी स्वतः निवेदन करून, अनेक कलाकारांना घेऊन या पुस्तकांच्या ध्वनिमुद्रित आवृत्त्या केल्या, तेव्हा ही रचना पुरेपूर उपयोगी पडली.

आणि जेवणावळी! ‘रेडवॉल’ची सुरुवातच मेजवानीच्या तयारीने होते. चीज, सुकामेवा, सारण भरून भाजलेले पाय (pie), फळांची सरबतं, मठाधिपतीसाठी पकडलेला मोठा मासा, यांची वर्णनं काही टीकाकारांना लांबलचक वाटली. मला ती पुस्तकाचा कणा वाटतात. ब्रिटनमध्ये अन्नाचं रेशनिंग जानेवारी १९४० मध्ये सुरू झालं आणि जुलै १९५४ मध्ये संपलं. म्हणजे जेक्स यांचं सगळं बालपण मोजूनमापून मिळणाऱ्या अन्नावर गेलं. जुन्या पाकपुस्तकातली रंगीत चित्रं पाहून तो मुलगा त्या पदार्थांची स्वप्नं बघायचा, असं त्यांनी सांगितलं होतं. मठाच्या भिंतीआड काय वाचवायचं आहे, हे त्या भरल्या ताटांमुळे कळतं.

या कथाप्रकाराची वंशावळ मात्र बरीच जुनी आहे. पंचतंत्रातला हिरण्यक उंदीर जाळं कुरतडून कबुतरांना सोडवतो. आठव्या शतकात हा ग्रंथ ‘कलीला व दिम्ना’ म्हणून अरबीत गेला आणि तिथून युरोपात पसरला. युरोपात बाराव्या शतकापासून रेनार या लबाड कोल्ह्याच्या कथा फ्रेंचमध्ये रंगत होत्या. विल्यम कॅक्स्टनने १४८१ मध्ये त्या इंग्रजीत छापल्या. पण या परंपरेत प्राणी नीती शिकवायला किंवा माणसांची फजिती दाखवायला येतात. त्यांना घर नसतं, बालपण नसतं, भीती वाटून पुन्हा उभं राहणं नसतं.

ते आलं विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, आणि तेही प्रत्यक्ष मुलांना सांगितलेल्या गोष्टींतून. बिएट्रिक्स पॉटर यांचा खोडकर ससा पीटर पहिल्यांदा उमटला तो सप्टेंबर १८९३ मध्ये, एका आजारी मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रात. केनेथ ग्रॅहम बँक ऑफ इंग्लंडचे सचिव होते. रात्री मुलाला सांगितलेल्या आणि १९०७ मध्ये त्याला पत्रांतून पाठवलेल्या गोष्टींतून त्यांची १९०८ची नदीकाठची कादंबरी घडली. तिच्या शेवटी बॅजर, मोल, उंदीर आणि बेडूक हत्यारं घेऊन वीझल आणि स्टोट या मुंगसासारख्या छोट्या शिकारी प्राण्यांच्या तावडीतून वाडा परत मिळवतात. ‘रेडवॉल’चं बीज मला तिथेच दिसतं. रिचर्ड ॲडम्स या सरकारी अधिकाऱ्याने मोटारप्रवासात दोन मुलींना सांगितलेली सशांची गोष्ट अनेक प्रकाशकांनी नाकारली आणि १९७२ मध्ये छापून आल्यावर मुलांच्या कादंबरीत मृत्यू, युद्ध आणि नेतृत्व किती गांभीर्याने येऊ शकतं हे तिने दाखवलं. ॲडम्सचे ससे सशांसारखेच जगतात. जेक्सच्या प्राण्यांनी मात्र झगे चढवले, गलोली आणि तलवारी उचलल्या.

पहिल्या पुस्तकात हे जग पुरतं बसलेलं नाही. क्लूनीची टोळी घोड्याच्या गवताच्या गाडीतून येते, म्हणजे माणसं कुठेतरी जवळपास असावीत. पुढच्या पुस्तकांतून घोडे आणि माणसांच्या खुणा नाहीशा झाल्या, ते बरंच झालं. मालिका वाढत २२ कादंबऱ्यांपर्यंत गेली. जेक्स ५ फेब्रुवारी २०११ रोजी वारले आणि शेवटची कादंबरी त्यानंतर त्याच वर्षी आली.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. घुशी, कोल्हे, वीझल आणि त्यांच्याच कुळातले फेरेट हे जातीनेच दुष्ट; उंदीर, खारी, पाणमांजरं जन्मतःच भली. १९९५ च्या एका भागात मठात वाढलेला व्हील नावाचा फेरेट येतो. त्याला हाकलून दिलं जातं, आणि ज्या उंदरीणीने त्याला वाढवलं तिच्यासाठी तो शेवटी भाल्यापुढे उभा राहून मरतो. एवढं होऊनही पुस्तक त्याच्या बाजूने ठाम कौल देत नाही. याउलट २००१ च्या भागात लुटारूंच्या टोळीत वाढलेलं पाणमांजर मुळातच भलं निघतं. दोन्ही एकत्र वाचले की रक्त संगोपनापेक्षा वरचढ ठरतं, आणि हे मला स्वीकारता येत नाही. जेक्सची भूमिका साधी होती: मुलांना चांगलं आणि वाईट स्पष्ट दिसावं. आवाजावरून पात्र ओळखणाऱ्या श्रोत्यांसाठी ती सोयीची होती. पण व्हीलला एवढं जिवंत उभं केल्यावर त्या लेखकाने त्याला न्याय द्यायला हवा होता.