सामाजिक मूकपट

ध्वनिमुद्रण येण्यापूर्वीच्या काळातील, पुराणे व इतिहास बाजूला ठेवून समकालीन माणसांचे प्रेम, महत्त्वाकांक्षा आणि गरीब-श्रीमंतांमधील अंतर यांवर रचलेला कथापट. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर (१९१३) अनेक वर्षे पौराणिक कथांचाच जोर होता, सामाजिक विषयांना १९२० नंतर बळ मिळाले.

मराठी मुलुखातील त्याचे मोठे उदाहरण म्हणजे कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा, बाबुराव पेंटर दिग्दर्शित ‘सावकारी पाश’ (१९२५). ना. ह. आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला तरुण शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. ही भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. देवादिकांच्या चमत्कारांऐवजी कर्जाचा कागद हे संकट म्हणून पडद्यावर आणणे, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती.

विदर्भातील खेड्याला हे कथानक समजावून सांगण्याची गरज नव्हती. पूर्व विदर्भात मालगुजार (गावाचा सारा वसूल करणारे जमीनमालक) आणि कुळे होती. वऱ्हाडात रयतवारी (शेतकऱ्याने थेट सरकारला सारा भरण्याची पद्धत) असली, तरी कापूस घरात येण्याआधीच त्यावर उचल घेतलेली असे. कर्जाचा प्रश्न इतका चिघळला, की मध्यप्रांत सरकारला १९३३ मध्ये कर्ज तडजोडीचा कायदा करावा लागला. अशा गावात वाड्याच्या ओसरीवर कोण बसले आहे आणि अंगणात कोण उभे आहे, एवढ्यावरून माणसाची पायरी कळत असे. मूकपटाची भाषाही नेमकी हीच होती: संवाद नसल्याने मालगुजाराचा मुलगा आणि सालदाराची (वर्षाच्या करारावर राबणाऱ्या गड्याची) मुलगी यांच्यामधले अंतर त्यांच्या कपड्यांतून, नजरेतून आणि उभे राहण्याच्या जागेतूनच दाखवावे लागे, आणि म्हणून या माध्यमात दर्जाभेद बोलपटापेक्षा अधिक ठसठशीत उमटतो.

उरलेला मजकूर पडद्यावर दिसणाऱ्या पाट्यांवर येई. निरक्षर प्रेक्षकांसाठी त्या मोठ्याने वाचून दाखविल्या जात. सोबतीला पेटी-तबला असे. एक हजार फुटांचे रीळ सुमारे १६ मिनिटे चाले. त्या ज्वालाग्राही नायट्रेट फितींपैकी फारच थोड्या आज शिल्लक आहेत.

‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटानंतर (१९३१) मूकपट काही वर्षांतच मागे पडला, ‘सावकारी पाश’चीही १९३६ मध्ये बोलपट आवृत्ती निघाली. मात्र प्रेम, पैसा आणि घराण्याची प्रतिष्ठा यांचा हा संघर्ष पूर्व विदर्भातील झाडीपट्टीतल्या रंगमंचावर आजही उभा राहतो. दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या नाट्यमंडळ्या गावोगाव जातात आणि धान कापून मोकळ्या झालेल्या शिवारात रात्रभर सामाजिक नाटके रंगतात.